चौसष्टचा हिशेब : टेपची भाषा आणि तारेची भाषा

 

आजचा विषय एका शेजाऱ्यांनी दिला. आमच्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ आहेत. हिशेबाला पक्के. परवा ते जिन्यात भेटले आणि म्हणाले, "कर्नल साहेब, तुम्ही सिग्नल्सचे ना? मग सांगा, घरी शंभर एमबीपीएसचं कनेक्शन घेतलंय. फाइल उतरवायला लावली की पडद्यावर बारा दिसतात. बाकीचे अठ्ठ्याऐंशी कुठे जातात? आणि मुलानं एक टीबीची डिस्क आणली, ती जोडली तर ९३१ जीबीच दाखवते. उरलेलं कोणी खाल्लं?"

मी म्हटलं, कोणी खाल्लेलं नाही. दोन घराण्यांची दोन मापं आहेत आणि दोघांनी शब्द मात्र जवळजवळ एकच ठेवलाय. ते म्हणाले, "हे जरा नीट सांगा." म्हणून आजचा हा भाग.

सुरुवात आजीपासून करतो. माझा जन्म १९५९ चा, सातारा जिल्ह्यातला. त्याच्या दोन वर्षं आधी, १ एप्रिल १९५७ ला, आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. आता रुपयाचे शंभर पैसे झाले. रुपया तोच, पण 'पैसा' हा शब्द दोन किमतींचा झाला. सरकारनं शहाणपणा केला आणि नव्या नाण्यावर 'नया पैसा' असं लिहिलं. लोक सरावले तेव्हा १९६४ मध्ये तो 'नया' काढून टाकला.

पण मधल्या काळात काय व्हायचं? एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे. सव्वाचं नाणं तर नाही. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस. आजी म्हणायची, "सहा आणि सहा बारा, तर तिसऱ्या आण्याचे सात कसे झाले?" तिला वाटायचं वाणी फसवतोय. वाणी फसवत नव्हता. सोळाच्या आणि शंभराच्या मापांचा सांधा बसत नव्हता, एवढंच.

माझ्या शेजाऱ्यांची तक्रार आजीच्या तक्रारीची नात आहे. फरक इतकाच की संगणकाच्या जगात 'नया' हा शब्द वेळेवर कोणी लिहिला नाही.

आता पहिलं घराणं बघू, तारेचं. टेलिफोनवाल्यांनी आवाज आकड्यांत कसा बदलला? अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यानं १९३७ मध्ये ही कल्पना मांडली. माणसाचा आवाज टेलिफोनवर नीट समजायला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो. तो पकडायला सेकंदाला ८००० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक मोजमाप आठ बिटांत लिहायचं. आठ हजार गुणिले आठ, बरोबर चौसष्ट हजार. सेकंदाला ६४,००० बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. हा झाला टेलिफोनच्या जगाचा 'आणा'. पुढची नाणी यावरच बेतली गेली.

युरोपनं असे ३२ कप्पे एकत्र बांधले, ३० संभाषणांचे, एक ताल सांभाळायला आणि एक निरोपांना. बत्तीस गुणिले चौसष्ट, २०४८ किलोबिट. यालाच आपण ई-वन किंवा 'दोन मेगाबिटची लाइन' म्हणतो. अमेरिकेनं २४ कप्पे बांधले आणि त्यांची लाइन झाली १५४४ किलोबिटची. भारतानं युरोपची पद्धत घेतली.

आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरचं. राणी चन्नम्मांचं कित्तूर. सी-डॉट ही सरकारी संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली. तिनं खेड्यांसाठी बनवलेलं १२८ पोर्टांचं छोटं डिजिटल एक्सचेंज पहिल्यांदा बसलं ते १९८६ मध्ये, या कित्तूरला. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असं ते यंत्र होतं. त्या एक्सचेंजमधून एखाद्या शेतकऱ्यानं फोन केला, तेव्हा त्याचा आवाज त्या यंत्रात चौसष्ट हजारांच्या मापातच मोजला जात होता.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या घराण्यात 'किलो' म्हणजे सरळ एक हजार, कारण त्यांचा किलो किलोहर्ट्झमधून आलेला आहे. आणि त्यांची मोजणी बिटांची, कारण तारेवरून एका वेळी एकच बिट जातो.

दुसरं घराणं साठवणुकीचं. टेप, डिस्क, फ्लॉपी. यांची मोजणी अक्षरांची, म्हणजे बाइटची. पण एका अक्षराला बिट किती, हेही आधी ठरलेलं नव्हतं. आयबीएमनं १९५६ मध्ये जी पहिली व्यापारी डिस्क काढली, तिच्यात पन्नास लाख अक्षरं मावत, पण ती सहा बिटांची अक्षरं. आठ बिटांचा बाइट पक्का रुळला तो १९६४ नंतर, आयबीएमच्या सिस्टिम/३६० मुळे. म्हणूनच टेलिफोनवाले आपल्या नियमांत 'बाइट' असं न लिहिता 'ऑक्टेट' लिहीत, म्हणजे आठाचा गट, शंकेला जागाच नको.

त्यात संगणकाच्या स्मृतीनं आणखी गुंता केला. दहा तारांवर शून्य-एकचे जेवढे मेळ होतात तेवढे पत्ते देता येतात, आणि ते मेळ होतात १०२४. हजाराच्या जवळचा आकडा. लोकांनी त्यालाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. डिस्क बनवणारे मात्र हजाराचाच किलो धरत राहिले. आणि फ्लॉपीवाल्यांनी तर कमाल केली. १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी आठवते ना? तिच्यात १४,७४,५६० बाइट मावतात. तो १.४४ हजाराच्या हिशेबात बसत नाही आणि १०२४ च्याही बसत नाही. एकदा १०२४ नं आणि एकदा १००० नं भागलं की तो मिळतो. सोळा आण्यांचा आणि शंभर पैशांचा रुपया एकाच पावतीवर!

उलट गंमतही आहे. ई-वन लाइनचा २०४८ हा आकडा संगणकवाल्याला दिसला की त्याला वाटतं, ही आपल्या घरची मोजणी, दोनदा १०२४. पण तिथला किलो हजाराचाच असतो. आकडा ओळखीचा दिसला म्हणून माप ओळखीचं असतं असं नाही.

हे सगळं मी आज शांतपणे सांगतोय. १९८९ च्या हिवाळ्यात मला ते माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण वेळेला आठवलं नाही. ती रात्र सांगतो.

उत्तरेतल्या एका डोंगराळ भागातलं ठाणं. सुट्या भागांची एक मोठी यादी टेपवर आली होती. ती पुढच्या तळावर सकाळच्या आत पोहोचायला हवी होती, कारण ती बघूनच ट्रकांत माल भरायचा होता. पुढचा रस्ता दुपारनंतर वर जाणाऱ्या गाड्यांना बंद व्हायचा. संध्याकाळी सातला रीळ माझ्या हातात आलं. अर्ध्या इंच रुंदीची, २४०० फूट लांब टेप, वर लिहिलेलं '१६०० बीपीआय'. आमच्याकडे ९६०० बीपीएसची लाइन होती.

माझ्याबरोबर सांगलीकडचे एक सुभेदार होते. ते म्हणाले, "साहेब, जीप काढू का? सात तासांत पोहोचतेय. रात्री दोनला टेप त्यांच्या हातात." मी कागद घेतला. २४०० फूट म्हणजे २८,८०० इंच. गुणिले १६०० म्हणजे ४ कोटी ६० लाख ८० हजार. भागिले ९६००. उत्तर आलं ४८०० सेकंद, म्हणजे ऐंशी मिनिटं. मी म्हटलं, "सुभेदार साहेब, जीप कशाला? जेवणं आटपेपर्यंत यादी तिकडे." आणि तसाच शब्द मी कमांडर साहेबांना देऊन टाकला.

साडेआठ वाजले, तेव्हा फक्त आठवा हिस्सा गेला होता. मी पुन्हा कागद घेतला आणि घाम फुटला.

चूक कुठे झाली ते बघा. 'बीपीआय' म्हणजे इंचाला बिट, हे खरं, पण ते एका पट्टीवर. त्या टेपच्या रुंदीत शेजारी-शेजारी नऊ पट्ट्या असतात, आठ माहितीच्या आणि एक तपासणीची. म्हणजे इंचाला १६०० बिट नाहीत, १६०० बाइट. माझं उत्तर तिथेच आठ पटीनं चुकलं. दुसरी चूक, आमचा मोडेम प्रत्येक अक्षराच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन जादा बिट लावायचा, 'सुरू' आणि 'संपलं' सांगायला. आठ बिटांच्या अक्षराला वाटेत दहा बिटांचं भाडं. म्हणजे ९६०० बीपीएस म्हणजे सेकंदाला बाराशे अक्षरं नव्हेत, ९६०.

एक चूक तेवढी माझ्या बाजूनं होती. टेप थांबायला-निघायला गठ्ठ्यांच्या मध्ये कोरी जागा सोडावी लागते, ०.६ इंच. गठ्ठा ४०९६ बाइटचा होता, तो २.५६ इंच जागा घ्यायचा. म्हणजे टेपचा जवळजवळ पाचवा हिस्सा कोराच. खरी माहिती होती ३ कोटी ७३ लाख बाइट. तिला ९६० नं भागा. दहा तास अठ्ठेचाळीस मिनिटं.

तरी पहाटे पावणेसहापर्यंत काम झालं असतं. पण रात्री दोनला लाइन तुटली. तेव्हाच्या आमच्या प्रोग्रॅमला तुटल्या जागेपासून पुढे जाणं माहीत नव्हतं, पुन्हा पहिल्यापासून. मी सुभेदार साहेबांकडे बघितलं. त्यांनी एक शब्दही न बोलता जीप काढली. यादी सकाळी नऊनंतर पोहोचली, ट्रक भरेपर्यंत दुपार झाली आणि रस्ता बंद झाला. वरच्या चौकीवरच्या जवानांना सामान एक दिवस उशिरा मिळालं. त्या दिवशी कोणाचा जीव गेला नाही, हे आमचं नशीब. कमांडर साहेबांनी मला एवढंच विचारलं, "मेजर, भागाकार चुकला की विचार?" भागाकार बरोबर होता. मी बिट कुठले आणि बाइट कुठले हे विचारलंच नव्हतं.

आता आपल्या बंगळुरूला येऊ, कारण ही दोन घराणी समोरासमोर आली ती इथेच. टेलिफोन बनवणारा सरकारी कारखाना, आयटीआय, इथे १९४८ पासून. स्वतंत्र भारताचा तो पहिला सार्वजनिक उद्योग. त्याच्या वसाहतीचं नावच दूरवाणीनगर. म्हणजे तारेचं घराणं इथलं जुनं रहिवासी. संगणकवाले मागून आले. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये इथे आली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं इथे केंद्र काढलं आणि परदेशातल्या आपल्या कार्यालयांशी थेट उपग्रहानं संपर्क जोडला. त्यासाठीचं साहित्य बैलगाडीतून आणल्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. लोक ते बघून हसतात. मला मात्र त्यात माझी जीप दिसते. उपग्रहाचा मार्गसुद्धा आधी चाकांवरूनच येतो.

त्यापूर्वी सॉफ्टवेअर परदेशी जायचं ते टेपवर किंवा फ्लॉपीवर, विमानानं, सीमाशुल्काच्या खिडकीतून. १९९१ मध्ये एसटीपीआय ही सरकारी संस्था उभी राहिली. बंगळुरू आणि पुणे ही तिची सुरुवातीचीच केंद्रं. तिनं लहान कंपन्यांनाही उपग्रहाच्या जोडण्या भाड्यानं दिल्या. नेहमीचं माप कोणतं? ६४ केबीपीएस. म्हणजे कित्तूरच्या शेतकऱ्याच्या एका फोनएवढी वाट, आणि तिच्यातून कंपनीचं अख्खं काम.

माझं ते रीळ या लाइनवर घालून बघू. ३ कोटी ७३ लाख बाइट, गुणिले आठ, भागिले ६४ हजार. अठ्ठ्याहत्तर मिनिटं. म्हणजे १९८९ च्या त्या रात्री मी दिलेला शब्द खरा करायला मला ही लाइन लागली असती!

पण कागदावर. प्रत्यक्षात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या लाइनींवर टेलिफोनचे निरोप त्याच आठ बिटांतला एक बिट अधूनमधून उसना घेऊन पाठवत. त्यामुळे माहितीला भरवशाचे सातच बिट उरत. सात गुणिले आठ हजार, ५६ केबीपीएस. आपल्याकडून चौसष्टची गाडी निघायची आणि तिकडच्या अशा लाइनीवर उतरताना छप्पन्नच्या मापात बसवावी लागायची. अठ्ठ्याहत्तरची एकोणनव्वद मिनिटं. मंडळी, नंतर आपण घरी जे '५६ के' मोडेम वापरले, त्यांच्या नावातही छप्पन्नच दिसतात.

दुसरी अडचण निसर्गाची. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचावर. निरोप जाऊन पोच परत यायला अर्धा सेकंद. पाठवणारा प्रोग्रॅम जर १२८ बाइटचा गठ्ठा टाकून पोच येईपर्यंत हात बांधून बसणारा असेल, तर गठ्ठा टाकायला १६ मिलिसेकंद आणि वाट बघायला पाचशे. रिळाला अठ्ठ्याहत्तर मिनिटांऐवजी जवळजवळ बेचाळीस तास लागतील! लाइन तीच, वेग तोच. म्हणून पोचेची वाट न बघता अनेक गठ्ठे पुढे सोडणारे नियम वापरावे लागतात. लाइन किती रुंद आहे एवढं विचारून भागत नाही, निरोपाला किती लांब जाऊन यायचंय हेही विचारावं लागतं.

मग मापांचं भांडण मिटलं का? डिसेंबर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानं, म्हणजे आयईसीनं, तोडगा काढला. हजाराचा तो किलो, १०२४ चा 'किबी'. तसेच मेबी आणि गिबी. ही 'नया पैसा'चीच युक्ती. पण सरकारच्या हातात टांकसाळ होती, आयोगाच्या हातात नव्हती. जुनं नाणं बाजारातून काढून घेता आलं नाही. म्हणून आजही डिस्कच्या खोक्यावर हजाराचा हिशेब असतो आणि पडद्यावर कित्येकदा १०२४ चा.

आता शेजाऱ्यांचा हिशेब चुकता करू. शंभर एमबीपीएस म्हणजे शंभर मेगाबिट. आठानं भागा, साडेबारा मेगाबाइट. प्रत्येक पाकिटावर पत्ता-शिक्का लागतो, त्याचं भाडं पाचेक टक्के. उरले जेमतेम बारा. अठ्ठ्याऐंशी कुठेच गेले नाहीत. आणि डिस्क? एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं एवढे बाइट. त्याला १०२४ नं तीनदा भागा, ९३१. डिस्क पूर्ण आहे. आणे मोजले आणि पैसे समजून वाचले, इतकंच.

जाता जाता एक गणित घरी करून बघा. एक टीबीची भरलेली डिस्क शंभर एमबीपीएसवरून पाठवायची तर, वाटेतलं भाडं न धरताही, ८०,००० सेकंद लागतात. बावीस तास तेरा मिनिटं. मुंबईहून बंगळुरूला येणारी उद्यान एक्सप्रेसही साधारण एक दिवस घेते. म्हणजे एका डिस्कला तार आणि गाडी जवळपास बरोबरीत. पिशवीत दोन डिस्का टाकल्या की आजही गाडी जिंकते. सुभेदार साहेब बरोबर होते.

तेव्हा कोणी वेगाचा आकडा सांगितला की शब्द देण्याआधी तीन गोष्टी विचारा. बिट की बाइट? किलो हजाराचा की १०२४ चा? आणि वाटेत भाडं किती, वाट बघणं किती? मला हे विचारायला एक मिनिट लागलं असतं. न विचारल्याची किंमत वरच्या चौकीवरच्या पोरांनी एक दिवस थंडीत मोजली.

शेजाऱ्यांना हे सगळं सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे कंपनीला लिहिलेलं तक्रारीचं पत्र फाडून टाकू?" मी म्हटलं, फाडा. पण मागची कोरी बाजू ठेवा. हिशेबाला कागद लागतो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.